वय काय होतं आजीचं?

तुमच्या घरात १ जूनला वाढदिवस असणारं कुणी आहे का? नीट आठवा. काका, मामा, आजोबा, शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर, कुणीतरी सापडेलच. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर १ जूनला केकच्या इमोजींचा पूर येतो. फंडा अगदी सिंपल आहे. शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर विचारायचे, 'जन्मतारीख?' वडील सांगायचे, 'आखाडात झालाय, पाऊस लई होता त्या साली.' आता मास्तर तरी काय करणार! शाळा जूनमध्ये सुरू होणार, वय तेव्हा बसायला हवं. टाका १ जून! अशी एक अख्खी पिढी आपल्याकडे एकाच दिवशी जन्माला आली.

माझे आजोबा त्याच बॅचचे. गंमत म्हणजे ते एसटीत कंडक्टर होते आणि एसटीचा वाढदिवसही १ जूनचाच. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली गाडी धावली. 'महामंडळानं माझा वाढदिवस बघूनच मुहूर्त काढला,' असं आजोबा शेवटपर्यंत सांगायचे.

आजी मात्र शाळेतच गेली नाही. त्यामुळे तिच्या वाट्याला १ जूनसुद्धा आला नाही. तिला जन्मतारीख मिळाली ती डायरेक्ट आधार कार्डावर. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आमच्या आजीचा नंबर लागला २०१२ मध्ये. कॉम्प्युटरसमोरच्या मुलाने विचारलं, 'आज्जी, वय?' आजी म्हणाली, 'असंल पंच्याहत्तर, शहात्तर.' त्याने सोयीचा आकडा घेतला, उलटा हिशेब केला आणि तारीख उमटली : ०१/०१/१९३६. तारीख नक्की माहीत नसली की सिस्टिम १ जानेवारी टाकते. म्हणजे मास्तर बदलले, महिना बदलला, पद्धत तीच.

२०२३ च्या दिवाळीनंतर आजी गेली. वाईच्या घरी, पहाटे, झोपेत. आणि त्या दिवसापासून पुढचे दोन आठवडे मला प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, पहिला प्रश्न एकच विचारला. 'वय काय होतं?'

मी सांगायचे, 'चौऱ्याण्णव.'

आणि फोनच्या पलीकडे चक्क सुटकेचा निःश्वास! 'अरे वा, म्हणजे पूर्ण आयुष्य जगल्या.' 'पिकलं पान होतं गं.' 'सोनं झालं म्हणायचं.' एका मैत्रिणीने तर व्हॉइस नोटमध्ये 'काँग्रॅट्स' म्हणायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. लोक वाईट नसतात. काय बोलावं ते सुचत नाही आणि वयाचा आकडा मदतीला धावून येतो. आकडा मोठा असला की दोघंही सुटतात, विचारणारा आणि सांगणारा. सांगणारी मात्र फोन ठेवून पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसते, हे विचारणाऱ्याला दिसत नाही.

माझ्या आत्येभावाची गोष्ट याच्या पुढची. दादा हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. त्याने रजेसाठी पोर्टल उघडलं. 'बिरीव्हमेंट लीव्ह' असा ऑप्शन होता, त्याखाली ड्रॉपडाउन : स्पाउस, चाइल्ड, पेरेंट, सिबलिंग. आजी नाही. त्याने मॅनेजरला फोन लावला. तिकडून तोच प्रश्न, फक्त इंग्लिशमध्ये, 'हाउ ओल्ड वॉज शी?' दादाने आकडा सांगितला. 'ओह, गुड लाँग लाइफ! कॅज्युअल टाक ना दोन दिवस.' पॉलिसीत आजी 'इमिजिएट फॅमिली'मध्ये बसत नाही. खासगी नोकरीत दुःखाची रजा किती दिवस द्यायची, कुणासाठी द्यायची, हे ज्या त्या कंपनीची पॉलिसी ठरवते. त्यामुळे दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर कावळ्याची वाट बघत उभे, आणि दादा वरच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, म्यूट करून कॉलमध्ये. पिंडाला कावळा शिवायला बराच वेळ लागला. काका हात जोडून एकेक वचन देत होते. 'आई, घर विकणार नाही.' 'आई, धाकटीचं लग्न नीट करू.' दादाने मध्येच अनम्यूट केलं, 'येस, आय अॅम हिअर,' म्हणाला आणि परत म्यूट केलं.

'इमिजिएट' म्हणजे काय हो? माझी आई नोकरी करायची. वयाची पहिली पाच वर्षं मी वाईत, आजीच्या कुशीत झोपले. मला पहिली भाकरी तिने भरवली, पहिला धपाटाही तिनेच घातला. माझ्या आयुष्यात तिच्याइतकं इमिजिएट दुसरं कुणीही नव्हतं. आणि मला माहितीये, हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्टोरी हीच आहे. दोन्ही पालक कामावर, पोरं आजीकडे. आपण त्या पिढीची मुलं आहोत.

असो. या कॉलममध्ये एरवी आपण ईएमआय, ब्रेकअप आणि बॉस यांच्यावर बोलतो. आज एका आकड्यावर बोलू या. चौऱ्याण्णव. कारण ज्या आकड्याने सगळ्यांची समजूत पटते, तो आकडा आमच्याकडे कुठून आला, हीच एक सॉलिड गोष्ट आहे.

मृत्यूच्या दाखल्यावर आजीचं वय ८७ आहे. आधार कार्डाप्रमाणे. बाबांना ते सहन होईना. 'माझ्या आईची सहा वर्षं खाल्ली यांनी,' म्हणत ते घरभर फिरत होते. जुन्या काळी गावात जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत व्हायची, पण आजीच्या माहेरची त्या काळातली नोंद काही मिळाली नाही. मग सगळे बसलो आणि आजीच्याच पद्धतीने हिशेब सुरू केला.

आजीला तारखा कळत नव्हत्या, पण वर्षं पक्की होती. तिच्या वर्षांना नंबर नव्हते, नावं होती. भूकंपाचं साल. दुष्काळाचं साल. शास्त्रीबुवा गेले ते साल. आणि तिच्या स्वतःच्या जन्माबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती, जी ती शंभरदा सांगायची. 'ताईचं लगीन कायद्याच्या घाईत लागलं. मी तवा पाळण्यात. माझं बारसंबी त्याच मांडवात उरकलं, खर्च नको म्हणून.'

कसला कायदा? लहानपणी आम्हाला वाटायचं आजी काहीतरी जुनंपानं बोलतेय. दादाने त्या रात्री मोबाइलवर शोधलं आणि आम्ही सगळे गप्प झालो. शारदा कायदा! बालविवाहाला बंदी घालणारा कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० ला लागू झाला. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. मधल्या सहा महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने लहान मुलींची लग्नं उरकून घेतली. एप्रिल उजाडायच्या आत! आजीची ताई तेव्हा दहा वर्षांची होती. आणि आजी पाळण्यात, बिननावाची.

म्हणजे आजी जन्मली १९२९ च्या अखेरीला, नाही तर १९३० च्या सुरुवातीला. आधार कार्डावरची १ जानेवारी कदाचित जवळपास बरोबरच असेल. वर्ष तेवढं चुकलं.

आता ही बाई जगली किती, ते बघा.

माहेर भुईंजच्या बाजूला, कृष्णेच्या काठी. तेरा-चौदा वर्षांची असताना सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ ते १९४६. इंग्रजांच्या राज्यात स्वतःचं न्यायालय चालवणारी, भूमिगत राहून कारभार करणारी माणसं. आपण हे शाळेत चार मार्कांच्या प्रश्नासाठी पाठ केलं. आजीसाठी प्रतिसरकार म्हणजे जास्तीच्या आठ भाकरी. रात्री तिची आई म्हणायची, 'आज पाव्हणं हायेत, पीठ जास्त मळ.' पाहुणे अंधारात यायचे, जेवून अंधारातच जायचे. नाव विचारायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही आणि सकाळी नदीवर कुणाला सांगायचं नाही. 'मी कदी कुनाचं त्वांड बगितलं न्हाई,' आजी म्हणायची. 'हात बगितलं. एकाच्या हाताला दोन बोटं कमी व्हती.' मी जर्नलिझम शिकलेली. मी विचारलं, 'कोण होता तो?' ती म्हणाली, 'सांगितलं ना, विचारायचं न्हाई म्हणून.' सत्तर वर्षांनंतरही तिने तो नियम मोडला नव्हता.

१९४६ मध्ये लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं नाव संपलं. ते जुनं नाव तिला फक्त एकच माणूस शेवटपर्यंत हाक मारून बोलवायचं, तिची ती ताई. ताई १९८० च्या सुमारास गेली. त्यानंतर पुढची चाळीसपेक्षा जास्त वर्षं त्या नावाने आजीला कुणीही हाक मारली नाही. यावर मी जरा जास्त विचार केला की मला झोप येत नाही.

आजोबा एसटीत लागले आणि आजीचं शिक्षण सुरू झालं. खरंच. तिला अक्षरं येत नव्हती, ती आकडे शिकली ते तिकिटांवरून. आजोबा ड्युटीवरून आले की वेबिलचा हिशेब आणि हातातली कॅश जुळायला हवी, नाही तर कमी पडलेले पैसे खिशातून भरायचे. एकदा बारा आणे कमी पडले आणि आजोबा रात्रभर कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या दिवसापासून आजीने त्यांना उरलेल्या तिकिटांचे नंबर वाचायला लावले आणि शेजारी बसून चिंचोके मांडले. वर्षभरात ती आकडेमोडीत आजोबांच्या पुढे गेली. लिहिणं मात्र सहीपुरतंच शिकली, आणि ते शिकली धाकट्या मुलाकडून, म्हणजे माझ्या बाबांकडून, साठीच्या आसपास.

१९६५. पाकिस्तानशी युद्ध, धान्याची टंचाई. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आवाहन केलं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. सोमवारी संध्याकाळी हॉटेलंसुद्धा बंद राहू लागली. आजीने सोमवारची रात्र सोडली. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी गेले, टंचाई संपली, हरितक्रांती झाली, गोदामं भरली. आजीची सोमवारची रात्र सुरूच. मी एकदा म्हटलं, 'आजी, अगं आता देशात धान्य आहे.' ती म्हणाली, 'बंद करा म्हणून कुणी सांगितलं न्हाई.' बाकीचे लोक समजायचे हिचा महादेवाचा उपास आहे. तिने कधी कुणाला करेक्ट केलं नाही.

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढे. आजोबा नेमके मुक्कामी गाडीवर, डोंगराकडच्या एका गावात. घरात आजी, चार पोरं आणि कौलारू छप्पर. फडताळातली भांडी खाली यायला लागली तशी ती उठली. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. एक कडेवर, एक पाठीशी, दोघांना ढकलत रस्त्यावर. बाहेर आल्यावर तिने पोरं मोजली. चार. मग पुन्हा मोजली. आणि मग ती परत आत गेली! कशासाठी? दागिने? पैसे? नाही. मशेरीची डबी. 'सकाळ व्हायला अजून लई टाइम व्हता,' हे तिचं एक्स्प्लनेशन. आमच्या घरात हा किस्सा हसण्यासाठी सांगतात आणि मीही खूप हसलेय. पण गेल्या वर्षी मी तेव्हाचं तिचं वय काढलं. अडतीस. म्हणजे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चार मुलं, नवरा बाहेर, जमीन हलतेय, आणि त्या बाईने अख्ख्या रात्रीत स्वतःसाठी म्हणून काय घेतलं, तर एक डबी. आता मला तेवढं हसू येत नाही.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा वाईला कृष्णेचं पाणी तरी होतं. माण-खटावकडे परिस्थिती बिकट. तिकडचे लांबचे नातेवाईक तिच्याकडे येऊन राहिले, कुणी आठ दिवस, कुणी आठ महिने. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापली की तुटायची. आजीने त्यात थोडं ज्वारीचं पीठ, थोडं उकळतं पाणी असं करून भाकरी जमवली, आणि गल्लीतल्या बायका तिच्याकडे शिकायला आल्या. आज ज्याला आपण वर्कशॉप म्हणतो ना, ते.

जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचं स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून देशभर घबराट. लोक म्हणत होते, खाऊन-पिऊन घ्या, उद्याचं काय खरं! आजीने घरमालकाला निरोप पाठवला, 'पडलं तर कौलं तुमची फुटतील, आमाला सांगू नका.' स्कायलॅब पडलं ऑस्ट्रेलियाकडे. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागले. अख्खी वाई ढोल्या गणपतीच्या देवळात रांगेत. ज्यांनी ती मूर्ती बघितली आहे त्यांना कळेल, तिला ढोल्या का म्हणतात ते. आजी वाटी घेऊन गेली, मूर्तीकडे वर बघितलं आणि घरी आली. 'एवढ्या थोरल्या देवाला चमचाभर दूध? आनि घरात पोरं चहा कोरा पितात.' दुधाची खीर झाली. 'स्वदेस' हा पिक्चर २००४ मध्ये आला, त्याचं शूटिंग आमच्या शेजारच्या मेणवलीत झालं. सगळं गाव शाहरुख खानला बघून वेडं. आजीचं मत : 'प्वार बारीक हाय. घरचं खात नसंल.'

आणि मग ८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी देशातल्या लाखो आज्यांप्रमाणे आमच्या आजीचाही डबा उघडला. तांदळाच्या डब्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, पाचशेच्या तेवीस नोटा. साडेअकरा हजार. आम्ही सगळे जाम हसलो. 'आजीचा ब्लॅक मनी!' दादाने फोटो काढला. आजी पण हसली. मग बाबांनी विचारलं, 'आई, अगं कशासाठी साठवलेस?'

ती म्हणाली, 'माझ्या दिवसांसाठी. लाकडं, भटजी, तेराव्याचं जेवान. तुमाला कुनाला ऐन वक्ताला बँकेत पळायला नगो.'

कुणी काही बोललं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बँकेत गेले, रांगेत तिला स्टुलावर बसवलं आणि पैसे तिच्या खात्यात भरले. ते पैसे त्यांनी तसेच ठेवले. २०२३ मध्ये सगळं त्यातूनच झालं. थोडं कमी पडलं, महागाई तिने धरली नव्हती. पण ऐन वेळी कुणालाही बँकेत पळावं लागलं नाही.

शेवटचा किस्सा एसटीचा. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. वयाचा पुरावा, आधार कार्ड. म्हणजे ज्या कार्डाने तिची सहा वर्षं खाल्ली, त्याच कार्डाने तिला फुकट प्रवास दिला. फिटंफाट! डोळे दाखवायला साताऱ्याला जायचं होतं. मी कॅब बुक करत होते, पण आजी ऐकेना. वाईच्या स्टँडवर बाबांनी आणि मी तिला अक्षरशः उचलून गाडीत चढवलं. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिने कार्ड बघितलं, 'बसा आज्जी, तुम्हाला तिकीट नाही,' म्हणाली. तिला म्हणायचं होतं की पैसे नाहीत. आजीचा चेहराच पडला. 'बिगरतिकीट न्हाई बसायची मी. चेकर आला तर तुझी नोकरी जाईल, पोरी. माझा मालक कंडक्टर व्हता.' त्या मुलीने हसून मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. आजीने ते डोळ्यांजवळ नेऊन नंबर वाचला, मोठ्याने, एकेक आकडा, आणि चोळीत ठेवलं. मग खिडकीतून बाहेर बघत बसली. पाचवड येईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलली नाही.

तर हे चौऱ्याण्णव. शारदा कायदा ते शून्य रुपयांचं तिकीट.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. 'वय झालं होतं' हे वाक्य आपण असं वापरतो, जणू वय हे माणूस जाण्याचं कारण आहे आणि म्हणून फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. डॉक्टरच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण मागे राहिलेल्यांचं गणित उलटं असतं. वीस वर्षांची ओळख तुटली तर वीस वर्षांची तुटते. बाबांची त्यांच्या आईशी अठ्ठावन्न वर्षांची सोबत होती. इतकी वर्षं रोज, किमान फोनवर, 'जेवलास का?' विचारणारा आवाज बंद झाला, तर अठ्ठावन्न वर्षांचा माणूसही पोरका होतो. मी बघितलंय. तेराव्यानंतरच्या सोमवारी रात्री बाबा जेवले नाहीत. आईने ताट वाढलं, ते म्हणाले, 'आज नको.' त्यानंतरच्या सोमवारीही नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

लवकर गेलेल्या माणसाचं दुःख वेगळं आणि मोठं असतं, त्याच्याशी कुणी बरोबरी करू नये. पण म्हणून भरपूर जगलेल्या माणसाचं दुःख म्हणजे 'चलता है' कॅटेगरी, असंही नाही. भूकंपात पोरं दोनदा मोजणारी, पाहुण्याचं तोंड न बघणारी, बंद करा म्हणून कुणी सांगितलं नाही म्हणून अठ्ठावन्न वर्षं एक वेळ उपाशी झोपणारी बाई पुन्हा मिळत नाही. तिची पिढी आता संपत आलीय. १९६७ ची पहाट, १९७२ ची भाकरी प्रत्यक्ष हाताने केलेली माणसं ज्या घरात अजून आहेत, त्या घरांचं कौतुकच आहे. आपल्या ऑफिसातल्या टेबलांवर येत्या काही वर्षांत या बातम्या एकेक करून येणार आहेत. कुणाचा तरी फोन वाजेल, तो उठून बाहेर जाईल, परत येईल आणि म्हणेल, 'आजी गेली.'

तेव्हा वय जरूर विचारा. तो प्रश्न वाईट नाही. पण उत्तर आलं की 'मग ठीक आहे' म्हणू नका. थोडं थांबा. पुढचा प्रश्न विचारा, कुठल्या गावच्या, तुम्ही त्यांच्याकडे किती वर्षं राहिलात, काय करायच्या. समोरचा माणूस बोलायला लागेल, कदाचित कॉफी गार होईल, कॉल दहा मिनिटं लेट होईल. होऊ दे. आणि तुम्ही जर कुणाचे टीम लीड असाल, एचआरमध्ये असाल, तर तेवढं ड्रॉपडाउन एकदा उघडून बघा. त्यात एक ओळ अॅड करायला अर्धा तास पुरेल.

आकडा मोठा आहे म्हणून रजा कमी लागते, असं नसतं. उलट आकडा जितका मोठा, तितकं आठवायला जास्त असतं, आणि दोन दिवसांच्या कॅज्युअलमध्ये तर जेमतेम १९४६ पर्यंतच पोचता येतं.